‘माळीकाम करशील!’

सदतीस वर्षे मास्तरकी केली. एवढ्या वर्षांत काही वाक्ये जिभेवर अशी बसतात, की ती आपण बोलत नाही, ती आपोआप बाहेर पडतात. माझे असेच एक वाक्य होते. गृहपाठ न केलेल्या, पाढे न येणाऱ्या मुलाला उभे करायचे आणि म्हणायचे, "अभ्यास कर, नाहीतर जन्मभर माळीकाम करशील!" काही शाळांत याच जागी ‘म्हशी राखशील’ म्हणत. आमची शाळा तालुक्याच्या गावची. समोर छोटीशी बाग आणि त्या बागेत खुरपे घेऊन उकिडवे बसलेले आमचे माळीकाका. बोट दाखवायला उदाहरण खिडकीबाहेरच तयार. त्यांना ते ऐकू जात असेल का, हा प्रश्न मला सदतीस वर्षांत एकदाही पडला नाही. आज लिहितो आहे ते त्या वाक्याबद्दल, आणि ओघाने थोडे इतिहासाबद्दल. इतिहास हा माझा विषय, तो सुटत नाही!

गेल्या वर्षी जूनमध्ये एक जुना विद्यार्थी घरी आला. आता पंचेचाळिशीचा, कानाजवळ पांढरे केस. "सर, ओळखलंत का?" ओळखले नव्हते, पण ‘अरे, ये ये’ म्हटले. चहा झाल्यावर तो हसत हसत म्हणाला, "तुम्ही म्हणायचात ते खरं झालं बघा. माळीच झालो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणून तर ते जास्त लागले.

हा आमचा विद्यार्थी बंगल्यांच्या बागा करून देतो. झाडे लावणे, हिरवळ करणे, दगडी पायवाटा घालणे अशी कंत्राटे घेतो. हाताखाली दोन-तीन पोरे शिकाऊ म्हणून आहेत. काम चांगले आहे, पण हिशेबात मार खातो. नुकताच एका बंगल्यापुढे साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद हिरवळीचे काम त्याने घेतले होते. सहा इंच चांगली पोयटा माती घालायची होती. त्याने नजरेच्या अंदाजाने सांगितले, सहा ब्रास लागेल. मालकाशी ठरले सहा ब्रासचे. प्रत्यक्षात गेली अकरा! वरच्या पाच ब्रासचे पैसे याच्या खिशातून गेले. भरीत भर म्हणजे पहिल्याच पावसात पाणी कंपाउंडकडे न जाता घराच्या भिंतीकडे आले. अर्धी बाजू पुन्हा उकरावी लागली. "सर, ते घनफळाचं एकदा समजावून सांगाल का? आठवीत तुम्ही शिकवलं होतं, पण मी बहुतेक वर्गाबाहेर होतो."

खरे तर मी गणिताचा शिक्षक नव्हे. पण गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, तेव्हा तीन वर्षे आठवीचे गणित माझ्या गळ्यात पडले होते. वही काढली. साठ गुणिले तीस म्हणजे अठराशे चौरस फूट. सहा इंच म्हणजे अर्धा फूट. अठराशेच्या निम्मे नऊशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे नऊ ब्रास. पण ट्रॉलीतून आलेली माती भुसभुशीत असते. पाणी मारले, रोळा फिरवला की ती बसते. म्हणून नऊला साडेदहा-अकरा धरावी लागते. सगळे मिळून पाच मिनिटांचे गणित. तो वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं होय?"

एवढेच होते. आणि हे ‘एवढेच’ मी त्याच्यापर्यंत पोचवले नव्हते. मी हौदाचे घनफळ शिकवले, पेटीचे शिकवले. खिडकीबाहेरच्या वाफ्याचे घनफळ कधी काढायला लावले नाही.

त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही. नातवाला म्हटले, माळीकाम शिकणाऱ्या पोरांसाठी पूर्वी कुणी पुस्तक लिहिले आहे का, ते त्या तुझ्या इंटरनेटवर बघ. त्याने एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची छायाप्रत काढून दिली. माझे शिक्षण सगळे मराठी माध्यमात झालेले, बी.ए.सुद्धा. इंग्रजी वाचतो ते शब्दकोश शेजारी ठेवून. पण हे पुस्तक मी दोन महिने चिकाटीने वाचले. त्याचे नाव मराठीत करायचे तर ‘तरुण माळ्यांसाठी स्वयंशिक्षण’. छापले १८४५ साली, लंडनमध्ये. लेखक जॉन क्लॉडियस लाउडन.

लाउडन जन्मले १७८३ मध्ये, स्कॉटलंडमध्ये, एका शेतकऱ्याच्या घरी. लहान वयातच एका रोपवाटिकेत उमेदवारीला लागले. दिवसभर मातीत काम, आणि आठवड्यातून दोन रात्री न झोपता अभ्यास. झोप येऊ नये म्हणून कडक ग्रीन टी पीत बसत. रोजनिशी फ्रेंचमध्ये लिहीत, म्हणजे भाषेचा सरावही होईल! १८०३ मध्ये लंडनला आले. १८०६ मध्ये संधिवाताच्या तापाने असे गाठले की एक गुडघा कायमचा ताठ झाला आणि डावा हात आखडला. पुढे १८२० मध्ये दुखण्यावर उपाय म्हणून ब्रायटनच्या प्रसिद्ध स्नानगृहात मालिशसाठी गेले. ते स्नानगृह पाटण्याहून तिकडे गेलेल्या शेख दीन महंमद यांचे. आपल्याकडची चंपी इंग्लंडात ‘शाम्पू’ या नावाने लोकप्रिय केली ती यांनीच. पण लाउडन यांचा उजवा हात दुखण्याने आधीच कमकुवत झाला होता. मालिश चालू असताना त्याचे हाड खांद्याजवळ मोडले. ते नीट जुळून आलेच नाही आणि १८२५ मध्ये तो हात कापावा लागला. वेदनांपायी अफूच्या अर्काची सवय लागली होती. रोजच्या मात्रेत थोडे थोडे पाणी वाढवत नेऊन त्यांनी ती सोडली.

उजवा हात गेलेला, डावा आखडलेला. असा माणूस काय करेल? या माणसाने पुढच्याच वर्षी, १८२६ च्या जानेवारीत, ‘गार्डनर्स मॅगझिन’ नावाचे नियतकालिक सुरू केले आणि मरेपर्यंत चालवले. लिहून घ्यायला आणि चित्रे काढायला माणसे ठेवली. या नियतकालिकात झाडांविषयी पुष्कळ आहे, पण माझे लक्ष वेधले ते माळ्यांविषयीच्या मजकुराने. त्यांना राहायला देतात त्या खोल्या कशा ओल्या आणि कोंदट असतात, बागेत त्यांच्यासाठी छोटे ग्रंथालय का हवे, हे तो माणूस वारंवार लिहितो. पगाराचा हिशेब तर त्याने थेट मांडला आहे. लंडनच्या आसपास निरक्षर गवंड्याला दिवसाला पाच ते सात शिलिंग मिळतात, आणि भूमिती, जमीनमोजणी आणि वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माळ्याला जेमतेम अडीच. हे वाचून मी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. विचारले, तुझ्या पोरांना काय हजेरी देतोस आणि गवंडी काय घेतो? उत्तर ऐकून वाटले, दोनशे वर्षांत शिलिंगाचे रुपये झाले, बाकी फारसे काही झाले नाही.

आता ‘स्वयंशिक्षण’ या पुस्तकाकडे येतो. मला वाटले होते, त्यात खते असतील, छाटणी असेल, कलमे असतील. तसले काही नाही! त्यात आहे अंकगणित, जमाखर्च, भूमिती, क्षेत्रमापन, त्रिकोणमिती, यंत्रशास्त्र, पाण्याच्या दाबाचे आणि प्रवाहाचे शास्त्र, जमीनमोजणी, पातळी काढणे, नकाशा आणि इमारतीचे आराखडे काढणे. म्हणजे आमच्या शाळेत फळ्यावर जे होते ते सगळे! फक्त उदाहरणे बागेची आणि शेतीची. लाउडन यांचा विचार साधा होता. रोप लावणे, पाणी देणे, कलम बांधणे हे पोर मुख्य माळ्याच्या हाताखाली शिकतेच. जे हाताखाली शिकता येत नाही, ज्याच्याअभावी चांगला कारागीर जन्मभर दुसऱ्याच्या तंत्राने चालतो, ते पुस्तकात हवे.

हे पुस्तक संपवताना ते स्वतः संपत आले होते. झाडांवरच्या एका आठ खंडांच्या ग्रंथापायी, जो १८३८ मध्ये पुरा झाला, त्यांच्यावर सुमारे दहा हजार पौंडांचे कर्ज झाले होते. फुप्फुसांनी दगा दिला होता. १३ डिसेंबर १८४३ च्या रात्रीही ते याच पुस्तकाचा मजकूर पत्नीला सांगत होते. दुसऱ्या दिवशी उभ्या उभ्याच त्यांचा प्राण गेला. पत्नी जेन यांनी त्यांना सावरले, आणि राहिलेले पुस्तक आणि नवऱ्याचे चरित्र एकत्र करून १८४५ मध्ये छापले.

या जेनबाईंचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. लग्नाआधी त्यांनी पुढल्या काळाविषयी एक अद्भुत कादंबरी लिहिली होती, १८२७ मध्ये. तीत वाफेवर चालणारा नांगर होता. नांगर वाचून लाउडन यांना लेखकाला भेटायची इच्छा झाली. लेखक पुरुष असणार अशी खात्री, आणि भेटल्या त्या जेन! १८३० मध्येच दोघांचे लग्न झाले. तेव्हा बाईंना बागेतले काहीच कळत नव्हते. नवऱ्याकडून एकेक गोष्ट शिकत गेल्या आणि १८४० मध्ये बायकांसाठी बागकामाचे पुस्तक लिहिले. ज्याला विषय जन्मापासून येतो, त्याला नवख्याचे कुठे अडते हे दिसत नाही. आपण स्वतः कुठे अडलो होतो ते जेनबाईंच्या लक्षात होते, म्हणून त्यांची पुस्तके खपली. हे मला निवृत्तीनंतर कळते आहे!

इंग्लंडात माळ्याच्या शिक्षणाचे असे दरवाजे त्या काळात थोडेथोडे किलकिले होत होते. लंडनजवळ चिझिक येथे हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तिथे उमेदवार म्हणून येणाऱ्या पोरांना एका वहीत स्वतःच्या हस्ताक्षरात स्वतःची माहिती लिहावी लागे. म्हणजे लिहिता येत असले पाहिजे, ही अट! त्या वहीत १८२३ साली एका पोराने आपले जन्मसाल १८०१ लिहिले आहे. खरे साल १८०३. वय वाढवून सांगण्याची युक्ती आपल्याकडचीच नाही म्हणायची! तो पोरगा जोसेफ पॅक्स्टन. पुढे एका ड्यूकचा मुख्य माळी झाला, कमळासाठी काचेचे घर बांधले आणि त्याच अनुभवावर १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभा केला. माळ्याला भूमिती आली तर काय होते, त्याचे हे उत्तर.

आणि आपल्याकडे? याच दशकातली गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, पण मी ती या बाजूने कधी पाहिली नव्हती. पुण्यात पेशव्यांना फुले पुरवणारे एक माळी कुटुंब. गोऱ्हे हे मूळ आडनाव मागे पडून फुले हेच नाव झाले. त्या घरातल्या मुलाला वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, गेले. तिकडे लंडनमध्ये लाउडन माळ्याच्या पोरांच्या शिक्षणासाठी झटत होते आणि इकडे पुण्यात माळ्याचा एक मुलगा मळ्यातून शाळेत परत जात होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण पुढे १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांचे आणि लाउडन यांचे म्हणणे एका जागी येते. हाताने काम करणाऱ्याच्या पोरापर्यंत विद्या पोचली नाही, तर त्याच्या कष्टाचे मोल दुसरेच ठरवतात.

महात्मा फुल्यांवरचा धडा मी किती वर्षे शिकवला, याची गणती नाही. आणि तोच धडा संपवून, त्याच तासाला, ‘माळीकाम करशील’ म्हणालो असेन. वाचकहो, ही कबुली लिहिताना बोट अडखळते.

पुण्यात बागकामाचे शास्त्र नव्हते असे नाही. गणेशखिंडीतली वनस्पती बाग १८७३ ची. तिथले जी. मार्शल वुड्रो यांचे भारतातल्या बागकामावरचे पुस्तक एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा छापले गेले. पण ते इंग्रजीत. बंगल्यातल्या साहेबाने ते वाचायचे आणि माळ्याला हुकूम सोडायचा. ज्याच्या हातात खुरपे त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याला खुरप्याची सवय नाही, अशी ही वाटणी.

तरी पुस्तक म्हणजेच विद्या असेही कुणी समजू नये. आमच्या माळीकाकांना सही करता येत नव्हती, अंगठा उठवत. पण देशी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरावा तर त्यांनीच. वडाची फांदी तोडताना ते ती खोडाला लागून सपाट कधी कापत नसत. फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते, ती शाबूत ठेवत. आमच्या मुख्याध्यापकांना ते अर्धवट काम वाटे. "नीट लागून काप," असे ओरडत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून पाहिली. त्यांनी दाखवून दिले की ती वळी कापली तर झाडाला जखम नीट भरून काढता येत नाही आणि कूज खोडात शिरते. तोवर भल्या भल्या पुस्तकांतून सपाटच कापायला सांगत. म्हणजे आमच्या शाळेत त्या दिवशी शहाणे कोण होते? ओरडणारे नव्हते, आणि खिडकीतून बघणारा मीही नव्हतो.

तर आता दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात वर्ग भरतो. विद्यार्थी आणि त्याची दोन शिकाऊ पोरे. एक आठवी सोडलेला, एक दहावी नापास. पहिला धडा काटकोनाचा. दोरीला तीन, चार, पाच फुटांवर गाठी मारून त्रिकोण ताणला की वाफ्याचा कोपरा गुण्यात येतो. दुसरा धडा गुंठ्याचा. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. तिसरा पातळीचा. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत राहते. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ती खोटे बोलते. घरापासून बाहेर दर दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार, म्हणजे तीस फुटांत सहा ते साडेसात इंच. पाणी भिंतीकडे का आले, ते विद्यार्थ्याने स्वतःच शोधून काढले. बाहेरची कडा उंच राहिली होती.

चौथ्या रविवारी मी दोन खुंट्या ठोकल्या, त्यांभोवती दोरीचा सैल फास टाकला आणि काठीने तो ताणत जमिनीवर रेघ ओढली. सुरेख लंबवर्तुळ निघाले. पोरे खूश! इंग्रजीत या रीतीला ‘माळ्याचे लंबवर्तुळ’ असेच म्हणतात, हे सांगितल्यावर दहावी नापास पोरगा म्हणाला, "आजोबा, म्हणजे हे आमचंच आहे की!" त्याचेच आहे. कॉलेजातल्या गणितात ते समीकरण होऊन बसते, एवढेच.

सगळे गोड झाले असे नाही. आठवी सोडलेला मुलगा दोन महिन्यांनी यायचा बंद झाला. रविवारी काम लागते आणि हजेरी बुडते. त्याच्या घरी चार तोंडे खाणारी. त्याला काय सांगणार? लाउडन यांना सुचले नाही ते मला कुठून सुचणार!

मध्यंतरी धीर करून विद्यार्थ्याला विचारले, "अरे, मी तसं बोलायचो त्याचं तुला वाईट वाटत नसे?" तो म्हणाला, "सर, तुम्ही वर्गाबाहेर काढायचात ना, तेव्हा मी माळीकाकांकडे जाऊन बसायचो. पहिलं कलम त्यांनीच बांधायला शिकवलं." मग थोडा थांबून म्हणाला, "तुमचं बोलणं त्यांना ऐकू जायचं, सर. ते एवढंच म्हणायचे, मास्तर शिकवतात ते पण शिक."

माळीकाका जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच. शाळेपुढच्या बागेच्या जागी आता दुचाकींसाठी पत्र्याची शेड आहे. वड मात्र अजून उभा आहे. परवा मुद्दाम जाऊन पाहिले. जिथे त्यांनी फांद्या कापल्या होत्या, तिथे साल चारी बाजूंनी वळून आली आहे आणि जखमा पूर्ण भरल्या आहेत.

असो. येत्या रविवारी जमाखर्च घ्यायचा आहे. वह्या आणून ठेवल्या आहेत, तीन.